गुहेतली जखम भरून येत नाही

फेब्रुवारी २००६ मध्ये अमेरिकेतल्या ऑल्बनी शहराजवळच्या एका गुहेत एका हौशी गुहाशोधकाने हिवाळी झोपेत लटकलेल्या वटवाघळांचे फोटो काढले. त्यातल्या काहींच्या नाकाभोवती पांढरा थर दिसत होता. पुढच्या हिवाळ्यात त्याच परिसरातली वटवाघळं ऐन थंडीत, दिवसाउजेडी गुहेबाहेर येऊन मरू लागली आणि त्या जुन्या फोटोंना एकदम महत्त्व आलं. उत्तर अमेरिकेतल्या ‘व्हाइट नोज सिंड्रोम’ या रोगाचा तो पहिला पुरावा ठरला. थंड, दमट जागी वाढणारी एक बुरशी झोपलेल्या वटवाघळाच्या कातडीत शिरते. त्यामुळे ते पुन्हा पुन्हा जागं होतं, हिवाळ्यासाठी साठवलेली चरबी वेळेआधीच जळून जाते आणि बाहेर खायला किडे नसतानाच ते उपाशी पडतं. आजवर लाखो वटवाघळं या रोगाने मेली आहेत.

ही बुरशी युरोपात आधीपासूनच आहे. तिथली वटवाघळं तिच्यासोबत जगायला शिकली आहेत. अटलांटिक ओलांडून ती आली ती बहुधा माणसाबरोबर, कुणाच्या तरी बुटांना किंवा सामानाला चिकटून. म्हणजे रोग कॅमेऱ्यात पकडणारा केव्हर (गुहाशोधक), आणि रोग घेऊन येणाराही कदाचित गुहेत फिरणारा माणूसच. केव्हिंग क्लबांचे नियम बाहेरच्यांना कटकटीचे वाटतात, पण त्यांच्या मुळाशी हा पेच आहे. गुहा पाहायची तर आत जावं लागतं, आणि आत गेलं की काही ना काही बिघडतंच.

का बिघडतं, हे कळायला गुहा बनते कशी हे थोडं पाहायला हवं. जगातल्या बहुतेक मोठ्या गुहा चुनखडीतल्या. पावसाचं पाणी मातीतून झिरपताना कार्बन डायऑक्साइड शोषून घेतं आणि सौम्य आम्ल बनतं. ते खडकाच्या भेगांमधून चुना विरघळवत जातं आणि हजारो-लाखो वर्षांत बारीक भेगेचा बोगदा होतो. भूजलाची पातळी खाली गेली की बोगद्यात हवा शिरते आणि उलटा प्रवास सुरू होतो. छतातून उतरलेला थेंब गुहेच्या हवेत कार्बन डायऑक्साइड सोडून देतो, मग त्यातला चुना विरघळलेला राहू शकत नाही आणि त्याचा अगदी पातळ थर मागे उरतो. छतापासून खाली वाढणारा तो अधोमुखी लवणस्तंभ, जमिनीवरून वर चढणारा ऊर्ध्वमुखी. वाढीचा वेग गुहेगणिक बदलतो. तरी वर्षाला मिलिमीटरचा दहावा भाग धरला, तर बोटभर टोकाला सातशे वर्षं सहज लागतात. अधोमुखी स्तंभाची सुरुवातीची अवस्था म्हणजे पाच-सहा मिलिमीटर जाडीची पोकळ नळी. हेल्मेटचा नुसता निसटता धक्का तिला पुरतो.

मोडणं निदान डोळ्यांना दिसतं. हात लावल्याचं नुकसान लगेच दिसत नाही. बोटांवरचं तेल पृष्ठभागावर बसलं की पाणी तिथे पापुद्र्यासारखं पसरू शकत नाही, नवा थर नीट बसत नाही आणि तेवढा भाग हळूहळू काळपट पडतो. गुहेत ऊन, वारा, पाऊस नाही, त्यामुळे बाहेर निसर्ग आपोआप पुसून टाकतो ते इथे पुसलं जात नाही. फ्रान्समधल्या पेश मेर्ल गुहेत हिमयुगातल्या एका कोवळ्या वयाच्या माणसाच्या पाऊलखुणा अजून शाबूत आहेत. आपण आज उमटवलेला बुटाचा ठसाही तितकाच टिकू शकतो, फरक इतकाच की तो पाहायला कुणाला यावंसं वाटणार नाही.

या स्तंभांत हवामानाची नोंदही असते. थरांमधल्या ऑक्सिजनच्या समस्थानिकांवरून (एकाच मूलद्रव्याच्या हलक्या-जड अणूंच्या प्रमाणावरून) पाऊसमान समजतं, आणि युरेनियम-थोरियम पद्धतीने थराचं वय. मेघालयातल्या मावम्लुह गुहेतल्या एका स्तंभात सुमारे ४२०० वर्षांपूर्वीच्या मोठ्या अवर्षणाची खूण सापडली. त्या आधारावर २०१८ मध्ये भूशास्त्रज्ञांनी भूगर्भीय इतिहासातल्या चालू टप्प्याला ‘मेघालयन’ हे अधिकृत नाव दिलं. कुणीतरी आठवण म्हणून मोडून नेलेल्या तुकड्यात काय होतं हे आता कधीच कळणार नाही.

आता शोधाकडे. नवी गुहा सापडते कशी? पुष्कळदा वाऱ्यावरून. बाहेर हवेचा दाब वाढला की गुहा हवा आत ओढते, दाब उतरला की बाहेर सोडते. तोंड अरुंद आणि आतली पोकळी प्रचंड असेल, तर तोंडाशी चांगला जोराचा झोत जाणवतो. न्यू मेक्सिकोतल्या लेचुगीया गुहेची हीच कथा. वर्षानुवर्षं तो एक किरकोळ खड्डा समजला जाई, फक्त तळाच्या दगडमातीतून वारा घोंघावत येई. कोलोरॅडोच्या केव्हरांनी परवानगी काढून तो ढिगारा उपसला आणि १९८६ मध्ये ते आत पोचले. आजवर त्या गुहेचे २४० किलोमीटरहून अधिक मार्ग मोजून झाले आहेत. एक विशेष म्हणजे ती वरून झिरपलेल्या पावसाने कोरलेली नाही. खालून आलेल्या हायड्रोजन सल्फाइडपासून बनलेल्या गंधकाम्लाने ती खाल्ली गेली आहे. पर्यटकांना तिथे प्रवेश नाही. शोधकार्य आणि संशोधन यांसाठीच परवाना मिळतो, आणि शरीरधर्माचा कचरासुद्धा पिशवीत भरून बाहेर आणावा लागतो.

गुहाशोधन म्हटलं की दोरावर लटकलेला माणूस डोळ्यांसमोर येतो. प्रत्यक्षात क्लबचा बराच वेळ जातो मोजणीत. छत गुडघाभर उंचीवर, खाली थंड पाणी, आणि तीन माणसं पोटावर आडवी. पुढचा एखाद्या ठळक खडकाच्या टोकावर बोट ठेवतो, ते झालं एक स्थानक. मधला मागच्या स्थानकावरून त्यावर लेझर रोखतो आणि तीन आकडे मोठ्याने सांगतो: अंतर, दिशा, चढ-उताराचा कोन. शेवटचा ते आकडे तसेच परत उच्चारतो आणि न भिजणाऱ्या कागदावर उतरवतो. परत उच्चारणं महत्त्वाचं, कारण पाण्याच्या आवाजात ‘सतरा’चं ‘सत्तर’ व्हायला वेळ लागत नाही. हेल्मेटवरची बॅटरी किंवा पट्ट्याचं लोखंडी बक्कल जवळ आलं तर होकायंत्र खोटं बोलतं, म्हणून मागच्या दिशेनेही एकदा मोजून ताळा करतात. लिहिणारा त्याच वहीत भिंतींचा आराखडा काढत असतो, आणि थंडीने बोटं आखडतात ती त्याचीच, कारण सगळ्यात जास्त वेळ स्थिर बसणं त्याच्या वाट्याला येतं. वाट फिरून पुन्हा आधीच्या जागी आली, तर आकड्यांची बेरीजही तिथेच यायला हवी. नाही आली, तर चूक शोधायला पुन्हा आत.

चांगल्या क्लबांत शिस्त अशी: नवी वाट सापडली की मोजत मोजतच पुढे जायचं. पहिल्यांदा पाय टाकण्याचा मोह आवरून वही काढणं सोपं नाही, पण मला हा नियम सगळ्यांत शहाणपणाचा वाटतो. न मोजता कुणी धावत आत गेलं, तर नकाशासाठी आणखी एका तुकडीला त्याच चिखलातून, त्याच नळ्यांखालून जावं लागतं. एका भेटीत काम उरकलं की गुहेचा एक फेरा वाचतो. अशा धीम्या बेरजेतूनच केंटकीमधली फ्लिंट रिज आणि मॅमथ या दोन गुहा मुळात एकच आहेत हे १९७२ मध्ये सिद्ध झालं. तिचे मोजलेले मार्ग आता ६८० किलोमीटरच्या वर गेले आहेत. ती जगातली सर्वांत लांब ज्ञात गुहा आहे.

माणूस जाऊच शकत नाही तिथे रंग पाठवतात. १८७७ मध्ये जर्मनीत डॅन्यूब नदीचं पाणी जिथे जमिनीत गडप होतं, तिथे फ्लुओरेसीन नावाचा १० किलो रंग ओतला गेला. सुमारे ६० तासांनी १२ किलोमीटर दूरचा आख नदीचा झरा हिरवा झाला, आणि डॅन्यूबचं पाणी जमिनीखालून ऱ्हाइनच्या खोऱ्यात जातं हे ठरलं. चुनखडीच्या प्रदेशात टाकलेली घाण कुठे निघेल, हे शोधायला अजूनही हीच युक्ती वापरतात.

फोटोग्राफीत अडचण अशी की गुहेत प्रकाश नावाची गोष्टच नाही. चार्ल्स वॉल्डॅक यांनी १८६६ मध्ये मॅमथ गुहेत मॅग्नेशियम जाळून फोटो काढले, तेव्हा धुराशी झुंजावं लागलं. आज एलईडी आणि छोटे फ्लॅश आहेत, पण हवेतली आर्द्रता तीच, जवळजवळ शंभर टक्के. कॅमेऱ्यावरच फ्लॅश लावून फोटो काढला, तर समोर तरंगणारे जलकण आधी उजळतात आणि फोटोभर पांढरे ठिपके येतात. म्हणून उजेड कॅमेऱ्यापासून दूर ठेवतात. एक सोबती दालनाच्या मधोमध उभा राहतो, त्याच्या पाठीमागे लपवलेला फ्लॅश, दुसरा बाजूच्या वळणात. मागून आलेला प्रकाश ओल्या भिंतीचे कंगोरे आणि स्तंभांची अर्धपारदर्शक कड उठावदार करतो, समोरून पडलेला सगळं सपाट करून टाकतो. मधोमध माणूस हवाच, नाहीतर दालन दहा मीटरचं की शंभर मीटरचं कळत नाही. चढून आल्यामुळे त्याच्या अंगातून वाफ निघत असते. ती विरेपर्यंत थांबायचं, मग सगळ्यांनी श्वास रोखायचा आणि तेवढ्यात शटर. मोठ्या दालनात शटर उघडंच ठेवून, दिवे विझवून, वेगवेगळ्या कोपऱ्यांतून एकामागून एक फ्लॅश मारतात. एका चित्रात तास-दीड तास जातो, आणि त्या तासात कुणी कुठे पाय ठेवायचा हे आधी ठरलेलं असतं. सुंदर चौकट मिळावी म्हणून शुभ्र स्फटिकांच्या फरशीवर सोबत्याला उभं करणारे महाभागही आहेत. असा फोटो कितीही देखणा असला तरी क्लबच्या भिंतीवर लावू नये, असं माझं मत. झोपलेल्या वटवाघळांजवळ तर रेंगाळायचंही नसतं. प्रत्येक जागेपणात त्यांची चरबी खर्च होते.

कमी आकर्षक फोटो जास्त कामाचे असतात. ठरलेल्या जागेवरून, त्याच कोनातून काही वर्षांच्या अंतराने काढलेली चित्रं शेजारी ठेवली, की कुठे नळी तुटली, कुठे चिखल पसरला, हे वादाला जागा न ठेवता दिसतं. अनेक फोटो जोडून दालनाची त्रिमितीय प्रतिकृतीही करता येते.

संवर्धनाचं काम दिसायला फार साधं आहे. दोन दोऱ्या टाकून वाट आखून द्यायची आणि तिच्याबाहेर पाय टाकायचा नाही. स्फटिकांच्या भागात चिखलाचे बूट काढून ठेवायचे. बुरशीच्या भीतीने कपडे आणि दोर ५५ अंशांपेक्षा गरम पाण्यात वीस मिनिटं भिजवायचे. माणसाच्या कपड्यांतून आणि अंगावरून तंतू, केस, कातडीचा कोंडा सतत झडत असतो. पर्यटकांसाठी खुल्या गुहांत त्याचा करडा थर साचतो, आणि स्वयंसेवक तो ब्रश आणि चिमट्यांनी उचलतात. दिव्यांभोवती उगवलेलं शेवाळ ही तिथली आणखी एक डोकेदुखी. फ्रान्समधली लास्को गुहा १९४८ मध्ये लोकांसाठी उघडली आणि १९६३ मध्ये बंद करावी लागली. श्वासातला कार्बन डायऑक्साइड, ओलावा, दिवे आणि हिरवं शेवाळ यांनी पंधरा वर्षांत हजारो वर्षं टिकलेली चित्रं धोक्यात आणली होती.

गुहेला दार लावणं हा उपाय वाटतो तितका सरळ नाही. भिंत घातली किंवा भरीव दार बसवलं, तर हवेची ये-जा बदलते, आतलं तापमान बदलतं आणि वटवाघळं जागा सोडतात. त्यामुळे आता आडव्या सळ्यांचे दरवाजे करतात. सळ्यांमध्ये साधारण पंधरा सेंटिमीटर अंतर असतं, त्यातून वटवाघूळ उडत जातं, माणूस नाही.

सगळ्यात जास्त भांडण आहे ते पत्त्यावरून. बरेच क्लब नव्या गुहेच्या तोंडाची जागा जाहीर करत नाहीत, फोटोतली जीपीएस नोंदही पुसतात. अमेरिकेत तर १९८८ च्या गुहासंरक्षण कायद्याने संघराज्याच्या जमिनीवरच्या महत्त्वाच्या गुहांची स्थाननिश्चिती गोपनीय ठेवली आहे. यावर आक्षेप असा की माहिती मूठभरांच्या हातात अडकते. २०१८ मध्ये थायलंडच्या थाम लुआंग गुहेत बारा मुलं आणि त्यांचा प्रशिक्षक पुराने अडकले, तेव्हा आतला नकाशा आणि ती गुहा वर्षानुवर्षं पायाखालून घातलेल्या व्हर्न अन्सवर्थ या केव्हरची माहिती शोधकार्यात मोलाची ठरली. मुलांपर्यंत पोचलेले पाणबुडेही हौशी केव्हरच होते. नकाशा लपवून ठेवला असता तर? बहुतेक क्लबांनी यातून मधला मार्ग काढला आहे. आतल्या वाटांचा नकाशा छापायचा, पण त्यावर तोंडाचे अक्षांश-रेखांश टाकायचे नाहीत. पूर्ण नोंद जमिनीच्या मालकाकडे आणि बचाव पथकाकडे ठेवायची, आणि बाकी कुणी मागितली तर आधी विचारायचं, कशासाठी हवी आहे.