कॅमेरा म्हणजे मुळात छत

कॅमेरा हा शब्द मुळात बांधकामातला आहे, फोटोशी त्याचा कित्येक शतकं काही संबंधच नव्हता. ग्रीकमध्ये 'कामारा' म्हणजे वरून गोलाकार झाकलेली वस्तू, प्राचीन ग्रीक इतिहासकार हिरोडोटसने बॅबिलोनच्या श्रीमंत बायकांच्या झाकलेल्या गाड्यांना हाच शब्द वापरलाय. रोमन लोकांनी तो उचलला आणि लॅटिनमध्ये 'कामेरा' म्हणजे कमानीसारखं वळलेलं छत झालं.

यात मला सगळ्यात भारी वाटतं ते विट्रुव्हियसचं वर्णन. इसवीसनपूर्व पहिल्या शतकातला हा रोमन आर्किटेक्ट, त्याने असं छत कसं करायचं ते अगदी बारकाईने सांगितलंय, सायप्रेस नावाच्या झाडाच्या लाकडी पट्ट्या वळवून लावायच्या, दोन पट्ट्यांत दोन फुटांपेक्षा जास्त अंतर नको, फर झाडाचं लाकूड नको कारण ते लवकर सडतं, मग हा सगळा सांगाडा वरच्या मजल्याला नाहीतर छपराला टांगायचा, त्याला ठेचलेले बोरू दोरीने बांधायचे, खालून गिलावा, वाळूचा थर आणि शेवटी खडू किंवा संगमरवराची घोटाई. वरच्या बाजूलाही चुना आणि वाळू, म्हणजे मजल्यातून काही गळलं तर तिथेच अडेल. खरी दगडी कमान भिंतींना बाहेर ढकलते म्हणून भिंती जाड लागतात, हे छत वरून लटकलेलं असल्याने तो दाब येतच नाही, आजच्या फॉल्स सीलिंगसारखंच.

आणि गरम पाण्याच्या स्नानगृहात तर तो अशी दोन छतं एकाखाली एक करायला सांगतो! वाफेचा ओलावा दोन्हींच्या मधल्या पोकळीत फिरत राहतो आणि वरचं लाकूड कुजत नाही. किती विचार केलाय या माणसाने.

पुढे छताचं नाव अख्ख्या खोलीला पडलं. १६०४ मध्ये खगोलशास्त्रज्ञ केप्लरने 'कॅमेरा ऑब्स्क्युरा' म्हणजे अंधारी खोली असा शब्द वापरला, खोलीला बारीक भोक पाडलं की प्रकाश सरळ रेषेत जात असल्याने वरचा किरण समोरच्या भिंतीवर खाली पडतो, खालचा वर, आणि बाहेरचं दृश्य उलटं उमटतं. नंतर खोलीची पेटी झाली, पेटीत फिल्म आली, नाव मात्र कॅमेराच राहिलं.

पोर्तुगीजमधून आलेला हिंदीतला कमरा याच घराण्यातला, आणि फ्रेंचमार्गे इंग्रजीत गेलेलं चेंबरसुद्धा, जे आपल्याकडे ड्रेनेजपर्यंत पोचलंय. बातमीत 'इन कॅमेरा सुनावणी' वाचलं की शूटिंग होणार असं बऱ्याच जणांना वाटतं, पण तिथे जुना लॅटिन अर्थच चालतो, बंद खोलीत, बाहेरचं कोणी नसताना.