‘न्यायाने व समतेने’ : कष्टकऱ्यांशी ख्रिस्ती वर्तनाच्या शिकवणीची पार्श्वभूमी

घरी धुणीभांडी करणारी बाई, मंडळीच्या म्हणजे चर्चच्या आवाराची झाडलोट करणारा, रात्रीचा राखणदार आणि शेतावरचा सालगडी यांच्याशी प्रेमाने वागणे हा ख्रिस्ती श्रद्धेचाच भाग आहे, असे मराठवाड्यातील उपदेशांत नेहमी सांगितले जाते. मात्र ही शिकवण मुळात दयेची आहे की न्यायाची, याविषयी जुना मतभेद आहे, आणि तो बराचसा एका ग्रीक शब्दाभोवती फिरतो.

बायबलच्या नव्या करारात पौलाने कलस्सैकरांस लिहिलेल्या पत्राच्या चौथ्या अध्यायातील पहिल्या वचनात धन्यांनी दासांशी कसे वागावे ते सांगितले आहे. तेथे दोन शब्द आहेत : पहिला न्यायाचा आणि दुसरा ‘इसोतेस’. या दुसऱ्या शब्दाचा सरळ अर्थ समानता असा होतो; परंतु रोमी साम्राज्यात दासप्रथा कायदेशीर होती आणि पौलाने धन्यांना दास मुक्त करण्याची आज्ञा दिलेली नाही, या आधारावर अनेक भाष्यकार त्याचा अर्थ ‘रास्तपणा’ एवढाच घेतात. दुसरा पक्ष त्याच पत्राकडे बोट दाखवतो. तिसऱ्या अध्यायाच्या अकराव्या वचनात दास आणि स्वतंत्र हा भेद ख्रिस्तात उरत नाही असे म्हटले आहे, आणि चौथ्या अध्यायाच्या नवव्या वचनात पौलाचा सहकारी तुखिक याच्याबरोबर येणारा ‘विश्वासू व प्रिय बंधू’ म्हणून ज्याचा उल्लेख होतो तो अनेसिम, पौलाने फिलेमोनाला लिहिलेल्या पत्रावरून दिसते त्याप्रमाणे, स्वतः दास होता. ज्या मंडळीत हे पत्र मोठ्याने वाचले जाणार होते, तिच्यासमोर एक दास बंधू म्हणून उभा राहणार होता, हे ध्यानात घेतले म्हणजे ‘रास्तपणा’ हा अर्थ अपुरा वाटतो. तरीही दासांनी धन्यांच्या आज्ञेत राहावे, हे तिसऱ्या अध्यायाचे बाविसावे वचन शतकानुशतके अधिक मोठ्या आवाजात ऐकवले गेले, आणि त्याच्या पुढच्याच अध्यायातील धन्यांना उद्देशून असलेले वचन मागे पडले. मराठवाड्याच्या वाचकासाठी तर ‘समता’ हा शब्द केवळ शास्त्रातला नाही. मराठवाडा विद्यापीठाला डॉ. आंबेडकरांचे नाव देण्यासाठी, म्हणजे नामांतरासाठी, १९७८ ते १९९४ या काळात येथे जो संघर्ष झाला, त्याचा अर्थ या शब्दाला चिकटलेला आहे. तो बाजूला ठेवून हे वचन वाचणे येथे शक्य नाही, आणि तसे वाचण्याची गरजही नाही.

मजुरीविषयीची शास्त्रवचने याहून स्पष्ट आहेत. जुन्या करारातील ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या चोविसाव्या अध्यायात गरीब मजुराची मजुरी सूर्य मावळण्यापूर्वी, त्याच दिवशी द्यावी असे सांगितले आहे. नव्या करारातील याकोबाच्या पत्राच्या पाचव्या अध्यायात कापणी करणाऱ्यांची अडवलेली मजुरी ओरडत आहे असे म्हटले आहे. गुढीपाडव्याला वर्षभरासाठी ठरणारा सालगडी आणि उचल फेडण्यासाठी हंगामभर कोयत्यावर जाणारे ऊसतोड जोडपे ज्या प्रदेशात आहे, तेथे या वचनांना वेगळ्या स्पष्टीकरणाची गरज पडत नाही. ऊसतोडीचा हंगाम दिवाळीच्या सुमारास सुरू होऊन वसंतापर्यंत चालतो. म्हणजे नाताळ फडावरच येतो.

मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जालना परिसरात ख्रिस्ती वस्ती उभी राहिली, आणि पुढे गावोगाव ख्रिस्ती झालेली अनेक कुटुंबे महार व मांग समाजातील होती. येसकरकी म्हणजे गावाची राखण व निरोप्याचे काम करणे, मेलेली जनावरे ओढणे, सरकारी बोजे वाहणे ही सेवा त्यांच्यावर गावाने जन्मानेच लादलेली होती. म्हणून येथील मंडळ्यांत धनी आणि सेवक यांचा प्रश्न कधीही परका नव्हता. तो सांगणारे आणि ऐकणारे अनेकदा सेवा करणाऱ्यांच्याच घरातले होते. भारतीय संविधानाच्या अनुच्छेद २३ ने १९५० मध्ये वेठबिगारीला मनाई केली, परंतु त्याच वर्षीच्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. शीख १९५६ मध्ये आणि बौद्ध १९९० मध्ये त्यात आले. ख्रिस्ती आजही बाहेर आहेत, हा अन्याय या चर्चेत विसरला जाऊ नये.

कॅथलिक परंपरेत १८९१ च्या पोपच्या पत्राने कामगाराला जगता येईल इतके वेतन हा न्यायाचा भाग ठरवला होता, आणि १९७७ मध्ये औरंगाबाद धर्मप्रांत स्थापन झाला तेव्हा ही शिकवण नवी राहिलेली नव्हती. घरकाम मात्र दीर्घकाळ बहुतेक कामगार कायद्यांच्या बाहेर राहिले. २००८ मध्ये महाराष्ट्राने घरेलू कामगारांच्या कल्याणासाठी कायदा केला आणि २०११ मध्ये आंतरराष्ट्रीय पातळीवर घरकामगारांसाठी करार स्वीकारला गेला. भारताने त्यास अद्याप मान्यता दिलेली नाही. राज्याच्या कायद्यान्वये नोंदणी करताना काम देणाऱ्याचा दाखला लागतो. ‘आमची बाई घरच्यासारखीच आहे’ असे म्हणणाऱ्या अनेक घरांत, ख्रिस्ती घरांतही, तो दाखला देताना हात आखडला जातो, कारण सही केल्याने काम, दिवस आणि पैसे कागदावर येतात.