प्रेसवाले अजून 'कर्व्ह करून पाठवा' का म्हणतात?

पत्रिका असो की दिवाळी अंक, फाइल पाठवली की प्रेसमधून पहिला प्रश्न ठरलेला, "फॉन्ट कर्व्ह केलेत ना?" म्हणजे अक्षरांची चित्रं करून टाकलीत ना. नव्या पोरांना हे उगाच वाटतं, पीडीएफ दिलीये की, अजून काय पाहिजे. पण या सवयीमागे मराठी डीटीपीचा, म्हणजे कॉम्प्युटरवर पानं लावण्याच्या कामाचा, बराच जुना ताप आहे.

१९८५ मध्ये ॲडोबीची पोस्टस्क्रिप्ट ही प्रिंटरला पान समजावणारी भाषा, ॲपलचा लेझर प्रिंटर आणि आल्डसचं पेजमेकर हे पान लावायचं सॉफ्टवेअर असं त्रिकूट जमलं आणि टेबलावर बसून पान लावता यायला लागलं. इंग्रजीचं भागलं. आपलं काय, तर एका फॉन्टमध्ये जागा जेमतेम २५६, त्यात जोडाक्षरं, रफार, वेलांट्या, अर्धी अक्षरं सगळं कोंबायचं. श्रीलिपी, आकृती, सीडॅकचं आयएसएम ही मराठी फॉन्टची सॉफ्टवेअर, ज्यानं त्यानं आपल्या सोयीनं अक्षरं बसवली. १९९१ ला इस्की हे सरकारी प्रमाण आलं पण ते मजकूर साठवण्यासाठी, फॉन्टमधल्या जागा ज्याच्या त्याच्याच राहिल्या. म्हणजे तुमचा फॉन्ट समोरच्याकडे नसला की अख्खं पान रोमन अक्षरं आणि डॉलर-टक्क्याच्या चिन्हांनी भरलेलं!

तरी सुरुवातीला याची झळ फारशी बसली नाही, कारण फाइल दुकानाबाहेर जायचीच नाही. एकरंगी कामात लेझर प्रिंटरवर ट्रेसिंग पेपरवर उलटी प्रिंट काढायची, त्यावरून प्लेट, विषय संपला. प्रेसवाल्याच्या हातात कागद यायचा. बोंब झाली ती रंगीत कामांसाठी फाइलच पॉझिटिव्ह (प्लेटसाठीची फिल्म) काढायला बाहेर जायला लागली तेव्हा, आणि पुढे सीटीपी आलं, कॉम्प्युटरवरून थेट प्लेटच, मग तर मधे बघायला फिल्मसुद्धा नाही. फॉन्ट विकतचे, सगळ्यांकडे सगळे कुठून असणार? त्यावर कोरलड्रॉ हे डिझाइनचं सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांचा उपाय म्हणजे कर्व्ह, अक्षराचं चित्रच करून टाकायचं. छपाई वाचली, पण नंतर एक ऱ्हस्व-दीर्घ बदलायचं म्हटलं तरी परत मूळ फाइल शोधा.

खरं तर पीडीएफ १९९३ लाच आली होती, फॉन्ट पोटात घेऊन जाणारी. २००१ मध्ये छपाईसाठी पीडीएफ एक्स-१ए हे आयएसओ प्रमाण झालं, त्यात सगळे फॉन्ट आत असलेच पाहिजेत आणि आरजीबी, म्हणजे स्क्रीनचे लाल-हिरवा-निळा रंग, चालतच नाहीत. इथे कर्व्हची गरज संपायला हवी होती. पण आपल्याकडे पेजमेकर सुटेना, त्याची शेवटची ७ नंबरची आवृत्ती त्याच २००१ ची आणि तिला युनिकोड, म्हणजे सगळीकडे एकच चालणारी अक्षरांची नवी पद्धत, येत नाही. लेखक मोबाइलवर युनिकोडमध्ये टाइप करून व्हॉट्सॲपवर पाठवणार, ऑपरेटर कन्व्हर्टरमधून तो जुन्या फॉन्टमध्ये उतरवणार, त्यात 'दुसऱ्या'मधला र हमखास मोडणार, म्हणजे प्रूफ परत पहिल्यापासून वाचा. इनडिझाइन या पान लावायच्या नव्या सॉफ्टवेअरमध्येही साधा कंपोझर (ओळी जुळवणारी सेटिंग) ठेवून मराठी टाकलं तर 'विद्यार्थी'मधली वेलांटी व च्या पुढे जाऊन बसते आणि रफार वर चढतच नाही, तिथे वर्ल्ड-रेडी कंपोझर निवडावा लागतो, हे अजून कित्येकांना माहीत नाही.

माझं मत विचाराल तर एकपानी जाहिरात, पत्रिका खुशाल कर्व्ह करा. पण दोनशे पानी पुस्तक कर्व्ह करायला सांगणं म्हणजे जुन्या भीतीपायी नवा त्रास.

आणि कर्व्हनं आकार वाचतो, रंग नाही. वर्डमधला काळा आरजीबी असतो, तो सीएमवायके, म्हणजे छपाईच्या चार शाया, करताना चार रंगांत फुटतो, फोटोशॉपच्या जुन्या नेहमीच्या सेटिंगला सायन ७५, मॅजेंटा ६८, यलो ६७, ब्लॅक ९०, म्हणजे एका अक्षरावर ३०० टक्के शाई. मशीनवर रजिस्ट्रेशन (चारही रंग एकमेकांवर नेमके बसणं) केसभर हललं तरी बारीक मात्रांना रंगीत कडा येतात. म्हणून पाठवायच्या आधी ॲक्रोबॅट प्रो या पीडीएफच्या सॉफ्टवेअरमध्ये आउटपुट प्रीव्ह्यू उघडून फक्त ब्लॅकची टिक काढून बघा, मजकूर पूर्ण गायब झाला तर बरोबर, मागे तपकिरी अक्षरं उरली तर ती फाइल प्रेसला देऊ नका.