मेट्रोनोम वाढवत गेलं की स्पीड येतो? नाही ओ

सांगलीत गिटार शिकणाऱ्या प्रत्येक पोराला हे ऐकवतातच, मेट्रोनोम (ठराविक वेगानं टिकटिक करणारं यंत्र) मिनिटाला ६० बीटवर सुरू कर, रोज थोडं वाढव, स्पीड आपोआप येतो. अर्धंच खरंय. बीटला चार नोट धरल्या तर ६० वर सेकंदाला ४, १५० वर १०, आणि हळू वाजवताना हात कसाही हलला तरी खपून जातं, फास्टमध्ये तिथंच अडकतं. खरी गोम तार बदलताना आहे, पिक (तार छेडायची छोटी चकती) दोन तारांमध्ये फसलेलं असलं की तार आडवी येतेच, म्हणून पिक जरा तिरकं धरून खालून वर जाणाऱ्या स्ट्रोकला ते तारांच्या बाहेर निघत असेल तर त्याच स्ट्रोकनंतर तार बदलायची, फास्ट वाजवणारा प्रसिद्ध गिटारिस्ट माल्मस्टीन बऱ्याचदा हेच करतो. तेव्हा शिकायला व्हिडिओ निवडताना पिकाचा हात जवळून, स्लो मोशनमध्ये दिसतोय का तेवढं बघा. मी वर्षभर मिरजेच्या गाडीत बसून डाव्या हाताचेच बघत होतो 😅