कंपनोपचार

यांत्रिक कंपने देऊन स्नायूंचे बळ वाढवण्याची, दुखणे उतरवण्याची आणि दुखावलेला स्नायू सावरण्याची पद्धत. कधी रुग्णाला थरथरत्या फळीवर उभे करतात, कधी दुखऱ्या जागी हातातले यंत्र टेकवतात. फळीची गती बहुधा सेकंदाला 20 ते 50 कंपने असते.

कंपन पोचताच स्नायूतील ताण ओळखणारे स्नायुतर्कू चेततात आणि मेंदूला न विचारता मज्जारज्जूकडूनच त्या स्नायूला आकसण्याचा हुकूम सुटतो. हागबार्थ व एक्लुंड या स्वीडिश संशोधकांनी 1966 मध्ये माणसातील या प्रतिक्षिप्त क्रियेचे वर्णन केले. कल्पना मात्र जुनी आहे. लांबच्या रेल्वेप्रवासानंतर कंपवाताच्या रुग्णांना बरे वाटते, हे ऐकून पॅरिसचे मज्जाविकारतज्ज्ञ शार्को यांनी 1892 मध्ये थरथरणारी खुर्ची पुढे आणली. (रात्रभर बाकावर बसून सकाळी रत्नागिरीला उतरलेल्या चाकरमान्याला हे पटायचे नाही.) 2012 मध्ये त्या धर्तीच्या खुर्चीची चाचणी झाली, तेव्हा कंपनाविना स्वस्थ बसलेल्यांनाही तेवढाच गुण आला.

नुसत्या थरथरीने दंड फुगत नाहीत. वृद्ध आणि बैठ्या माणसांच्या पायांत थोडे बळ येते, श्रमानंतरचा ठणका काहीसा उतरतो, इतकेच धरून चालावे. उंदरांत सौम्य कंपनाने फाटलेला स्नायू अधिक चांगला भरून आला. माणसाबाबत तेवढ्यावरून बोलणे घाईचे. गर्भारपणी, ताज्या अस्थिभंगात किंवा शिरेत रक्ताची गुठळी असताना हा उपचार टाळतात.

मालवणकडे रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचे मोठे जाळे, ओढून दुसऱ्या दिवशी खांदे धरले, की उंडीचे तेल चोळून शेकणे हा घरचा उपाय. आता मसाज गन, म्हणजे हातातले कंपनयंत्रही आले आहे. पण कोकणात कंपन अंगात भिनते ते बहुतेक कामातूनच. मासेमारीच्या ट्रॉलरवर तांडेलाच्या, म्हणजे नाव हाकणाऱ्याच्या, पायांखाली इंजिन तासन्‌तास धडधडते. सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, विहीर खोदताना खडक फोडणारा ब्रेकर धरणाऱ्याच्या हातात तर उपचारातल्या मिनिटांच्या जागी अख्खा दिवस कंपन जाते, तेही कितीतरी जोरकस. त्याने बोटांतल्या नसा आणि रक्तवाहिन्या बिघडतात. थंड देशांत अशी बोटे पांढरीफटक पडतात. कोकणच्या उष्ण हवेत ती खूण सहसा दिसत नाही, म्हणून दुखणे ध्यानात यायला उशीर होतो. आधी रात्री हाताला मुंग्या येतात. मग एके दिवशी शर्टाचे बटण चिमटीत धरले आहे की सुटले, हे बघितल्याशिवाय कळत नाही.