प्लाझ्मा मधेच विझतोय: घोळ आर्कचा की हवेचा?

सीएनसी प्लाझ्मावर, म्हणजे प्रोग्रॅमवर चालणाऱ्या आणि विजेच्या आर्कने व हवेच्या झोताने धातू कापणाऱ्या मशीनवर प्लेट टाकली, पिअर्सिंग झालं (सुरुवातीचं भोक पडलं), वीतभर कट गेला आणि आर्क फस्सकन गेला. अशा वेळी पहिला हात जातो हवेच्या रेग्युलेटरवर, प्रेशर वाढव, नाही जमलं तर नोझल बदल, तरी नाही तर इलेक्ट्रोड, आणि शेवटी सर्व्हिसवाल्याला फोन. मीपण कित्येक दिवस हेच केलंय आणि चांगले चांगले नोझल भंगारात टाकलेत. नंतर एक सवय लावून घेतली. काहीही उघडायच्या आधी स्वतःला विचारायचं, आर्क ठराविक जागी जातोय की ठराविक वेळी? जागा धरून जात असेल तर आधी अर्थिंग बघायचं, वेळ धरून जात असेल तर हवा.

अर्थिंग आणि हवा, या दोघांच्या दोषांची गल्लत होते कारण हवेशिवाय आर्कच नाही. आजकालच्या बऱ्याच छोट्या मशीनमध्ये ब्लोबॅक स्टार्ट असतो, म्हणजे आधी इलेक्ट्रोड नोझलला टेकलेला असतो, करंट सुरू झाला की हवा त्याला मागे ढकलते आणि त्या फटीत पायलट आर्क, म्हणजे सुरुवातीचा छोटा आर्क पेटतो. हवेत जोर नसेल तर इलेक्ट्रोड मागे सरकतच नाही, टॉर्च नुसता टिकटिक करतो आणि आपल्याला वाटतं पॉवर सोर्स गेला. इथे दोष हवेचा पण दिसतो करंटचा. (टॉर्चच्या आत इलेक्ट्रोड अडकला असेल तरी हेच होतं, म्हणून मेन स्विच बंद करून तो बोटाने दाबून बघायचा. मेन स्विच बंद करूनच, कारण टॉर्चवर दोन-अडीचशे व्होल्ट डीसी सहज असतात.)

याच्या उलट, पायलट आर्क झकास पेटतोय, निळी ज्योत दिसतेय, पण प्लेटला धरतच नाही आणि काही सेकंदांत बंद होतो, तर हवेच्या मागे लागू नका. पायलट आर्क इलेक्ट्रोड आणि नोझलच्या मधला, त्याला प्लेटची गरज नसते, कटिंगचा आर्क मात्र प्लेटमधून अर्थ क्लॅम्पपर्यंत परत जावा लागतो. हा परतीचा रस्ता खराब असला की झालं. आमच्याकडे टेबलाच्या एकाच कोपऱ्यात आर्क जायचा, बाकी टेबलभर मस्त कट. क्लॅम्प टेबलाच्या फ्रेमला लावलेला, आणि त्या कोपऱ्यातल्या पट्ट्यांवर स्लॅगचा (कापताना वितळून चिकटलेल्या धातूचा) इतका थर की गंजलेली प्लेट त्याच्यावर नुसती बसलेली, लोखंडाला लोखंड लागतच नव्हतं. क्लॅम्प थेट प्लेटला लावला, लावायच्या जागेवर आधी ग्राइंडर मारला, आणि दोन मिनिटांत विषय संपला. त्याच्याआधी दोन दिवस कंप्रेसर खोलून बसलो होतो ते सोडा.

आता हवा. हवेचा दोष घड्याळ बघून येतो. सकाळचे पहिले दोन-चार जॉब आरशासारखे आणि मग खालून स्लॅग लोंबायला लागतो, किंवा छोटे कट नीट आणि लांब कट शेवटी मरतो, किंवा कंप्रेसर परत चालू व्हायच्या जरा आधी, टाकी रिकामी होत आलेली असताना आर्क लटपटतो. हे सगळं हवेचं. आणि इथे गेज आपल्याला फसवतो, कारण आपण तो बघतो मशीन उभं असताना. हवा वाहत नसली की बारीक पाइपमध्येसुद्धा पूर्ण 6 बार दिसतो, टॉर्चमधून हवा सुटली की तोच काटा 4 वर. म्हणून प्रेशर बघायचं ते हवा चालू ठेवून, बहुतेक मशीनला त्यासाठी एअर टेस्ट असतो. 45 अँपियरच्या मशीनला साधारण 6 बारवर मिनिटाला 190 लिटरच्या आसपास हवा लागते. कंप्रेसरवर लिहिलेला मोठा आकडा बऱ्याचदा पिस्टन डिस्प्लेसमेंटचा (पिस्टन हिशोबाने जेवढी हवा ओढतो त्याचा) असतो, हातात खरी येते ती एफएडी, म्हणजे कंप्रेसर प्रत्यक्षात देतो ती हवा, आणि ती बरीच कमी असते. तसंच 6 मिमीची पीयू (प्लास्टिकची) नळी हवेवर चालणारा सिलिंडर हलवायला ठीक आहे, प्लाझ्माला नाही, आतून 10 मिमीच्या आसपासची तरी घ्या.

प्रेशर बरोबर आणि तरी आर्क थुंकल्यासारखा येतोय, इलेक्ट्रोड एका दिवसात संपतोय, तर हवेत पाणी आहे. पावसाळ्यात हे हमखास. टाकीचा ड्रेन रोज सोडूनही येतं, कारण गरम हवा लाइनमध्ये गार होत जाते आणि पाणी पुढे जाऊन सुटतं, म्हणून एक फिल्टर मशीनच्या अगदी जवळ पाहिजे. एअर टेस्ट चालू करून टॉर्चखाली पांढरा कागद धरा, ओले किंवा तेलकट ठिपके दिसले तर मशीनला दोष देऊ नका.

आणि प्रेशर वाढवणं हा उपाय नाहीच. जास्त हवेने पायलट आर्क प्लेटला धरायच्या आधीच फुंकला जातो आणि इलेक्ट्रोड लवकर झिजतो.

काही वेळा अर्थिंग आणि हवा दोघंही निर्दोष असतात. पिअर्स डिले, म्हणजे भोक पाडताना टॉर्चने थांबायचा वेळ, जास्त ठेवला तर टॉर्च भोकावर उभा राहतो, खाली धातूच उरत नाही, आर्क ताणून ताणून तुटतो. लीड-आउट, म्हणजे कट संपताना बाहेर पडायची रेघ, आधीच्या कटमध्ये गेला तरी तेच. हे दर वेळी प्रोग्रॅमच्या त्याच ओळीवर होतं, प्लेट टेबलावर कुठेही ठेवा. टीएचसीचा, म्हणजे आर्कच्या व्होल्टेजवरून टॉर्चची उंची सांभाळणाऱ्या हाइट कंट्रोलचा खोडसाळपणा वेगळा. इलेक्ट्रोडच्या टोकातला हाफ्नियम धातूचा ठिपका झिजून खड्डा पडला की आर्क आतूनच लांब होतो, व्होल्टेज वाढतं, टीएचसीला वाटतं टॉर्च वर गेलाय आणि तो बिचारा टॉर्च खाली आणतो, शेवटी नोझल प्लेटला घासतो. लोक म्हणतात हाइट कंट्रोल बिघडला. खड्डा दीड मिमीच्या आसपास गेला असेल तर आधी इलेक्ट्रोड बदला आणि मग हाइटचं बोला.

सगळ्यात वैताग म्हणजे एक दोष दुसऱ्याला जन्म देतो. कमी हवेवर थोडा वेळ जरी कट केला तरी आर्क नोझलच्या कडेला चावतो, भोक गोल राहत नाही, अंडाकृती होतं. मग तुम्ही पाइप बदलला, फिल्टर बदलला, काटा चालू हवेत 6 वर घट्ट, आणि तरी कट एका बाजूला तिरका. कारण टॉर्चमध्ये अजून तोच चावलेला नोझल. हवा दुरुस्त केली की नोझल आणि इलेक्ट्रोड दोन्ही एकदम नवे लावूनच तपासा, नाहीतर हात परत रेग्युलेटरवर जाणार.