सहा मिनिटांत किती मीटर?

फोनवर अधूनमधून एक व्हिडिओ येतो. मुलगा दर वेळी वेगळा, साचा मात्र ठरलेला. डाव्या चौकटीत पाच-सहा वर्षांचा मुलगा डुलत डुलत चालतोय, उजवीकडे तोच मुलगा सहा महिन्यांनी जरा भरभर चालतोय. खाली लिहिलेलं असतं, 'मस्क्युलर डिस्ट्रॉफीवर यशस्वी उपचार'. मस्क्युलर डिस्ट्रॉफी म्हणजे स्नायू हळूहळू झिजत जाण्याचा आनुवंशिक आजार. उपचार म्हणजे कधी स्टेम सेलची इंजेक्शनं, कधी कसल्याशा तेलाची मालिश, तर कधी नुसता अंगारा. मुलगा खरा असतो आणि त्याची चाल सुधारलेली असते, हेही बऱ्याचदा खरं असतं. तरीही त्यावरून उपचाराबद्दल काहीच सिद्ध होत नाही. का, ते कळायला या मुलांचं चालणं मोजतात कसं, हे बघावं लागेल.

मस्क्युलर डिस्ट्रॉफीचे प्रकार पुष्कळ आहेत. आपण ड्यूशेन या प्रकाराबद्दल बोलू, कारण चालण्याच्या मोजमापावर सर्वांत जास्त काम त्याच्यावर झालंय. साधारण साडेतीन ते पाच हजार मुलग्यांमागे एकाला तो होतो. एक्स गुणसूत्रावरच्या एका अवाढव्य जनुकात बिघाड असतो आणि त्यामुळे डिस्ट्रोफिन हे प्रथिन स्नायूंत बनतच नाही. मूल जिन्यात कठडा धरून चढतं, जमिनीवरून उठताना स्वतःच्याच मांड्यांवर हात टेकत टेकत उभं राहतं. पोटऱ्या भरदार दिसतात, म्हणून घरचे सुरुवातीला निर्धास्त असतात. स्टिरॉइड दिले नाहीत तर बारा-तेराव्या वर्षापर्यंत बहुतेकांना व्हीलचेअर लागते.

आता या मुलांचं चालणं मोजण्याची चाचणी. तिचा जन्म फुप्फुसाच्या रुग्णांसाठी झाला. 1970च्या दशकात ब्रिटनमधले डॉक्टर जुनाट ब्राँकायटिसच्या रुग्णांना रुग्णालयाच्या कॉरिडॉरमध्ये 12 मिनिटं चालवून अंतर मोजत. बारा मिनिटांत माणसं पार दमून जात. सहा मिनिटांतही तेवढीच माहिती मिळते, असं 1982 मध्ये दाखवलं गेलं आणि 'सिक्स मिनिट वॉक टेस्ट' रूढ झाली.

ड्यूशेनच्या मुलांसाठी तिच्यात फेरफार करावे लागले. सपाट जागेत 25 मीटरवर दोन कोन ठेवायचे, मुलाने त्यांना वळसे घालत सहा मिनिटं जमेल तितकं भरभर चालायचं, पळायचं नाही. मोठ्या माणसांच्या चाचणीत तपासनीस मिनिटामिनिटाला एखादं ठरलेलं वाक्य बोलतो आणि गप्प राहतो. इथे तसं चालत नाही. सहा वर्षांच्या पोराला तिसऱ्या मिनिटाला खिडकीबाहेरचा कावळा दिसतो! म्हणून त्याला सतत 'शाब्बास, चल चल' करत राहायचं आणि पडला तर उचलायला एकाने मागोमाग चालायचं. 2010 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात 4 ते 12 वयाची ड्यूशेनची मुलं सरासरी 366 मीटर चालली, निरोगी मुलं 621 मीटर.

मग दहा मीटरची घड्याळ लावून केलेली चाल का पुरत नाही? तीही मोजतातच. पण ताकद आणि दम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि या आजारात दम कमी पडण्याची एक यंत्रणा अशी आहे की तिच्याबद्दल मी कितीही वेळ बोलू शकतो.

डिस्ट्रोफिन स्नायुपेशीच्या आतला सांगाडा आणि बाहेरचं आवरण यांना बांधून ठेवतं, हे पाठ्यपुस्तकी काम. ते नसलं की प्रत्येक आकुंचनात आवरणाला चिरा पडतात. पण डिस्ट्रोफिनचं आणखी एक काम आहे. त्याच्या मधल्या भागाला एनएनओएस नावाचं एन्झाइम चिकटून बसलेलं असतं आणि ते नायट्रिक ऑक्साइड हा वायू बनवतं. आपण चालू लागलो की चेतासंस्था रक्तदाब सांभाळण्यासाठी शरीरभरच्या रक्तवाहिन्या आवळते. आवळण्याचा हा हुकूम काम करणाऱ्या स्नायूलाही येतो, आणि नेमकं तिथेच तर रक्त जास्त हवं असतं. स्नायूतलं नायट्रिक ऑक्साइड शेजारच्या रक्तवाहिनीपाशी पोचून तो हुकूम तेवढ्यापुरता निष्प्रभ करतं. डिस्ट्रोफिन गेलं की एन्झाइमची बैठकच जाते. मग स्नायू राबत असतानाही त्याच्या रक्तवाहिन्या आवळलेल्या राहतात.

ही नुसती कल्पना नव्हे. 2000 मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात मुलांचं कमरेखालचं अंग हवाबंद पेटीत ठेवून आतला दाब कमी केला. रक्त पायांकडे ओढलं गेलं आणि चेतासंस्थेने वाहिन्या आवळायला घेतल्या. त्याच वेळी मुलं हाताने हँडग्रिप दाबत होती आणि अवरक्त प्रकाशाने दंडाखालच्या स्नायूतला ऑक्सिजन मोजला जात होता. निरोगी मुलांच्या राबत्या स्नायूत आवळण्याचा परिणाम बोथट झाला, ड्यूशेनच्या मुलांत तो जसाच्या तसा राहिला.

इथून पुढचं पाऊल उघड होतं. नायट्रिक ऑक्साइडचा निरोप पेशीत जो रेणू पुढे नेतो, तो लवकर मोडू नये असं औषध द्यायचं. तशी औषधं बाजारात होतीच: व्हायग्रातलं सिल्डेनाफिल आणि त्याचंच भावंड टाडालाफिल. थोड्या मुलांवर करून पाहिलं तर स्नायूतला रक्तपुरवठा खरोखर सुधारला. मग सात ते चौदा वयाच्या 331 मुलांवर 48 आठवड्यांची मोठी चाचणी झाली. कसोटी अर्थात सहा मिनिटांचं चालणं. टाडालाफिल घेणाऱ्यांची घसरण बिनऔषधाच्या गोळ्या घेणाऱ्यांपेक्षा जराही मंदावली नाही. इतकी देखणी यंत्रणा आणि निकाल शून्य. मला वाईट वाटलं, पण कॉरिडॉर कुणाची भीड ठेवत नाही.

त्या चाचणीत सातच्या आतली मुलं नव्हती, ही गोष्ट महत्त्वाची आहे. ड्यूशेनच्या मुलात दोन गोष्टी एकाच वेळी चाललेल्या असतात: स्नायू झिजत असतात आणि मूल वाढत असतं. पाय लांब होतात, टांग मोठी पडते, समजही वाढते. साधारण सात वर्षांपर्यंत वाढ झिजेला मागे टाकते, त्यामुळे सहा मिनिटांतलं अंतर काहीही न करता वाढतं. सातनंतर पारडं फिरतं. साडेतीनशे मीटरच्या खाली आलेल्या मुलांची घसरण तर अधिक वेगाने होते. साधारण 30 मीटरचा फरक अर्थपूर्ण मानला जातो, आणि वाढत्या वयाच्या मुलाला तेवढे मीटर निसर्गच देऊ शकतो.

व्हिडिओतल्या मुलाचं वय आठवा. त्या वयात इंजेक्शन दिलं काय, अंगारा लावला काय, सहा महिन्यांनी चाल सुधारलेली दिसायची शक्यता भरपूर. त्याच वयाच्या, उपचार न घेतलेल्या मुलांशी तुलना नसेल तर त्या दोन चौकटींना कवडीची किंमत नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या 2017च्या मार्गदर्शक सूचनांनुसारही, रक्ताच्या वगैरे ठरावीक आजारांसाठी होणारं प्रत्यारोपण सोडलं तर स्टेम सेल हा उपचार नाही, संशोधन आहे. ते रीतसर चाचणीतच व्हायला हवं. त्यासाठी आईबापांकडून लाखो रुपये उकळणाऱ्यांना हे ठाऊक नसतं, असं मला वाटत नाही.

सहा मिनिटांच्या चाचणीतही खोट आहेच. मूल रुसलं, झोप झाली नाही, नवे बूट चावले, की वीस-तीस मीटर इकडचे तिकडे. म्हणून युरोपियन औषध संस्थेने 2019 मध्ये दुय्यम आणि 2023 मध्ये मुख्य कसोटी म्हणून एक वेगळं माप मान्य केलं. घोट्याला बांधलेलं छोटं यंत्र घरी, शाळेत, मैदानावर प्रत्येक पावलाचा वेग टिपत राहतं. त्यातून सर्वांत वेगवान पाच टक्के पावलं जिथून सुरू होतात, तो वेग काढायचा. तिथे कुणी 'चल चल' म्हणत नाही. मित्राच्या मागे धावताना, बस पकडताना मूल आपणहून जो जोर लावतं, तोच मोजला जातो.